शून्याधारित अंदाजपत्रकाची आमची पहिली फेरी

राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयात मी लेखा शाखेचे काम पाहते. भूजलाची पातळी मोजणे, पाण्याचे नमुने तपासून घेणे आणि टंचाईच्या काळात जिल्हा प्रशासनाला तांत्रिक माहिती पुरवणे हे आमच्या कार्यालयाचे मुख्य काम आहे. गेल्या आर्थिक वर्षात, पुढील वर्षाचे अंदाज शून्याधारित पद्धतीने, म्हणजे मागील खर्च आधार न धरता प्रत्येक कामाची गरज शून्यापासून मांडून, सादर करावेत, असे पत्र आम्हाला वरिष्ठ कार्यालयाकडून आले. जूनअखेरीस आलेल्या त्या पत्रापासून यंदाच्या एप्रिलमध्ये बीम्स या शासनाच्या अंदाज व निधी वाटपाच्या संगणकीय प्रणालीवर निधी दिसेपर्यंतची ही हकिगत आहे. पत्र हातात पडले तेव्हा आसपासच्या एकाही कार्यालयात हे काम केलेले कोणी नव्हते. पुढे ज्यांच्या टेबलावर असे पत्र येईल, त्यांना निदान कोणते कागद आधी काढायचे एवढे तरी समजावे, म्हणून तपशील न गाळता लिहीत आहे.

आमची नेहमीची पद्धत शासकीय कार्यालयांत काम करणाऱ्यांना परिचित आहे. मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद आणि त्यावर पाच-दहा टक्के वाढ धरून पुढील वर्षाचा अंदाज, असा तक्ता दर वर्षी जातो. वाढ का हवी, हे दोन ओळींत लिहावे लागते, पण ज्या आधारावर ती वाढ चढवली जाते तो आधार योग्य आहे का, हे कोणी विचारत नाही. नव्या नमुन्यात मात्र मागील खर्चाचा रकाना अगदी शेवटी होता. पहिले रकाने होते ते असे: काम कोणते, ते कोणासाठी, ते केले नाही तर काय होईल, दुसऱ्या कोणत्या मार्गाने होऊ शकेल आणि किमान किती रकमेत होईल. तो नमुना पाहून शाखेत सर्वांच्या मनात आलेली पहिली शंका हीच होती, की हा निधी कपातीचा नवा मार्ग आहे. ती शंका पुढे बराच काळ आमच्यासोबत राहिली आणि तिचा परिणाम आकड्यांवर होऊ न देणे हेच सर्वांत अवघड काम ठरले.

जुलैमध्ये दूरदृश्य प्रणालीवर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्यातला इतिहासाचा भाग मला उपयोगी वाटला, कारण ही कल्पना कालपरवा कोणाला सुचलेली नाही, हे त्यातून कळले. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी १९६९ च्या सुमारास ही पद्धत बसवली. तिच्यावरचा पायर यांचा लेख वाचून जॉर्जिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी १९७३ च्या वित्तीय वर्षासाठी ती आपल्या राज्याच्या सर्व विभागांना लागू केली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये संघराज्याच्या पातळीवरही नेली. रेगन प्रशासनाने १९८१ मध्ये ती बंद केली. जॉर्जियात दहा हजारांहून अधिक प्रस्ताव तयार झाले होते आणि एवढे कागद एका माणसाने वाचणे शक्यच नव्हते, हे ऐकल्यावर आमच्या नमुन्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचे मी त्याच दिवशी ठरवले. भारतात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८३ मध्ये या पद्धतीचा प्रारंभ केला आणि महाराष्ट्राने शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९८६ मध्ये ती स्वीकारली. देशातल्या राज्यांमध्ये आपले राज्य यात पुढे होते, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांना त्या दिवशी प्रथमच समजली.

प्रशिक्षणानंतरचे पहिले काम म्हणजे कार्यालयाच्या कामाचे निर्णय घटक पाडणे. निर्णय घटक म्हणजे ज्या कामाचा खर्च वेगळा काढता येतो आणि ज्याबद्दल ‘करायचे की नाही’ असा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो, असे काम. प्रत्येक घटकासाठी मग एक किंवा अधिक निर्णय संच, म्हणजे ते काम किती प्रमाणात आणि किती रकमेत करायचे याचे प्रस्ताव, लिहायचे. बोलताना सगळे त्याला पॅकेजच म्हणत. सुरुवातीच्या यादीत शाखानिहाय घटक आले होते: आस्थापना, लेखा, तांत्रिक, भांडार. ती यादी कार्यालयप्रमुख मॅडमनी परत केली आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. शाखा बंद करायची की नाही, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. विहिरींची पातळी मोजायची की नाही, किती वेळा मोजायची, हा प्रश्न विचारता येतो. त्यामुळे शाखा सोडून कामांवरून घटक पाडले, आस्थापना व लेखा यांचा खर्च त्या कामांवर वाटला आणि यादी एका पानात बसली. नव्याने हे काम करणाऱ्यांनी येथे पुरेसा वेळ द्यावा. घटक चुकीचे पडले तर पुढचे सगळे तक्ते सुबक दिसतात, पण त्यातून निर्णय कोणताच निघत नाही.

ऑगस्टचा बहुतेक महिना कागद काढण्यात गेला. प्रमाणके, वाहनांची लॉगबुके, भाडेकरारांच्या नस्त्या, वार्षिक देखभालीचे करार, दूरध्वनीची देयके आणि जडवस्तू नोंदवही एवढे सर्व एका खोलीत आणून ठेवले. लेखा शाखेला हे कागद रोजचे, पण आपण ते देयक पारित करण्यापुरते पाहतो. देयकाखाली सही आहे का, तरतूद आहे का, नियमात बसते का, एवढेच. आपण हा खर्च मुळात का करतो, या प्रश्नासाठी तेच कागद पुन्हा वाचताना वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या.

त्यातली एक सविस्तर सांगते. आमच्याकडे भाडेपट्टी व कर या १४ क्रमांकाच्या उद्दिष्टाखाली (खर्चाचा प्रकार दाखवणाऱ्या शीर्षाला उद्दिष्ट म्हणतात) एका गोदामाचे भाडे दर महिन्याला ६,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ७८,००० रुपये जात होते. करार नियमित नूतनीकरण झालेला, भाडे रास्त असल्याचा दाखला नस्तीत जोडलेला, लेखापरीक्षणात कधी आक्षेप नाही. गोदामात काय आहे, हे नमुन्यात लिहायचे म्हणून भांडारपाल आणि मी किल्ली घेऊन गेलो. आत जुन्या विंधन यंत्राचे सुटे भाग, गंजलेले लोखंडी पाइप आणि बांधून ठेवलेले कालबाह्य नकाशे होते. ते यंत्रच कार्यालयाकडे उरलेले नव्हते. त्या वस्तूंचे निर्लेखन व्हावे, म्हणजे नोंदवहीतून कमी करून त्यांची विल्हेवाट लावावी, अशी टिप्पणी पूर्वी एकदा सादर झाली होती, पण समितीची बैठक झाली नाही आणि भाडे चालू राहिले. यात कोणाचा गैरहेतू नव्हता. दर वर्षीच्या तक्त्यात मागील वर्षाचे भाडे दिसत होते आणि तेवढेच पुढे लिहिले जात होते. वाढीव पद्धतीत खर्च असाच मुरतो.

वाहनाचेही तसेच निघाले. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. आमची एक जीप त्या नियमात बसून आवारात उभी होती. तिच्यासाठीची इंधनाची रक्कम मात्र पेट्रोल, तेल व वंगण या २४ क्रमांकाच्या उद्दिष्टाखाली मागितली जात होती आणि मार्चमध्ये समर्पित केली, म्हणजे न वापरता शासनाला परत केली, जात होती. दुसरीकडे भाड्याच्या वाहनाचा खर्च कार्यालयीन खर्चातून भागवताना वीज आणि लेखनसामग्रीची देयके मागे पडत. एका शीर्षाखाली बचत आणि दुसऱ्या शीर्षाखाली थकबाकी, हे चित्र प्रत्येक आठमाही सुधारित अंदाजाच्या वेळी आम्ही पाहत आलो होतो. त्यामागचे कारण शोधायला या नमुन्याने भाग पाडले.

आता ज्या संचावर सर्वांत जास्त चर्चा झाली, तो पाणीपातळी मोजणीचा. आमच्या जिल्ह्यात निरीक्षण विहिरी दीडशेच्या आसपास आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजली जाते. वाहन, इंधन, प्रवास भत्ता आणि किरकोळ साहित्य धरून एका फेरीला सुमारे ९०,००० रुपये लागतात, म्हणजे एका विहिरीच्या एका नोंदीला सुमारे सहाशे रुपये. वेतनाचा वाटा धरला तर ही रक्कम दुपटीहून अधिक होते. हा आकडा कार्यालयात आजवर कोणी काढलेला नव्हता. नमुन्यात किमान पातळी लिहायची होती: याहून कमी केले तर काम करण्यात अर्थच उरत नाही, अशी पातळी.

येथे तांत्रिक शाखेतील सहकारी आणि मी यांच्यात बरेच दिवस मतभेद राहिले. त्यांचे म्हणणे होते, की चारही फेऱ्या किमानच आहेत आणि एक जरी कमी लिहिली तरी वरून तेवढीच मंजूर होईल. ती भीती खरी होती आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण किमान पातळी आणि चालू पातळी एकच लिहिली, तर संच लिहिण्याचा उद्देशच संपतो. शेवटी आमच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांनी प्रत्येक फेरीचा उपयोग वेगवेगळा लिहून काढला. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिल्याशिवाय संभाव्य पाणीटंचाईच्या गावांचा अंदाज देता येत नाही. मे आणि ऑक्टोबर यांच्यातील फरकावरून पावसाळ्यात जमिनीत किती पाणी मुरले याचे मूल्यांकन होते. म्हणून या दोन फेऱ्या किमान पातळीत गेल्या. जानेवारी आणि मार्चच्या फेऱ्यांमुळे रब्बीच्या आणि उन्हाळी उपशाचा वेग कळतो आणि टंचाईचा अंदाज दुरुस्त करता येतो, म्हणून त्या चालू पातळीच्या संचात आल्या. काही निवडक विहिरींवर स्वयंचलित पातळीमापक बसवण्याचा तिसरा, वाढीव संच झाला.

‘हे केले नाही तर काय होईल’ या रकान्यात पहिल्या मसुद्यात ‘शासनाच्या कामकाजावर विपरीत परिणाम होईल’ असे वाक्य होते. असे वाक्य कोणत्याही कामापुढे लिहिता येते, म्हणून ते कशालाच समर्थन देत नाही. त्याच्या जागी आम्ही लिहिले, की मार्चची फेरी झाली नाही तर एप्रिल ते जून या काळात कोणत्या गावांना टँकर किंवा विहीर अधिग्रहण लागेल, याची शिफारस ऑक्टोबर व जानेवारीच्या आकड्यांवरच करावी लागेल. हे एक वाक्य लिहिण्यासाठी जुन्या टंचाई अहवालांच्या नस्त्या चाळाव्या लागल्या. माझ्या मते, संपूर्ण पद्धतीचा गाभा या एका रकान्यात आहे. लेखा शाखेने तो एकट्याने भरू नये. प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाजवळ बसून भरावा आणि तो काय बोलतो ते त्याच्या शब्दांत आधी टिपून घ्यावे.

वेतनाबद्दल थोडक्यात. ०१ वेतन या उद्दिष्टाचा वाटा आमच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा आहे आणि तो शून्यावरून सुरू करता येत नाही. मंजूर आकृतिबंध (पदांची मंजूर संख्या), भरलेली पदे आणि सेवार्थ या वेतनाच्या संगणकीय प्रणालीतील प्रत्यक्ष देयके यांवरच तो ठरतो. रिक्त पदांसाठी तरतूद मागू नये, अशी स्पष्ट सूचना होती आणि आम्ही ती पाळली. मात्र कोणत्या कामावर कोणाचा किती वेळ जातो, हे वाटप केल्याशिवाय संचाची खरी किंमत कळत नाही. दौरा दैनंदिन्यांवरून ते ढोबळमानाने करता आले. फार बारकाईत शिरण्याची गरज नाही.

सप्टेंबरमध्ये खरे घोडे अडले ते आकडे जुळवताना. संच कामानुसार लिहिलेले, तर बीम्समध्ये अंदाज भरायचे ते योजनेचा संकेतांक आणि उद्दिष्ट शीर्ष यांनुसार. विधानसभेत मतदान होते ते मागण्यांवर, कामांच्या यादीवर नाही. त्यामुळे प्रत्येक संचाची रक्कम पुन्हा प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, कंत्राटी सेवा, साहित्य व पुरवठा, संगणक खर्च अशा शीर्षांमध्ये फोडावी लागते. आम्ही एक मोठा तक्ता केला: आडव्या ओळींत संच, उभ्या रकान्यांत उद्दिष्ट शीर्षे, उजवीकडे संचाची बेरीज आणि तळाशी शीर्षाची बेरीज. हा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवावा, शेवटी करू म्हणून मागे टाकू नये. अंदाज हजार रुपयांत द्यायचे असतात, तेव्हा सर्व हिशेब पूर्ण रुपयांत करावा आणि केवळ तळाच्या बेरजा हजारांत आणाव्यात, म्हणजे पूर्णांकनाचा फरक कमीत कमी राहतो. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रलंबित देयके. शून्यापासून लिहिताना मागील वर्षाची देणी कोणत्याच कामात बसत नाहीत आणि सहज गळून पडतात. आम्ही त्यांचा स्वतंत्र संच करून देयकांच्या यादीसह जोडला.

प्राधान्यक्रम ठरवण्याची बैठक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. सर्व संच एकाखाली एक लावायचे आणि निधी ज्या ओळीपर्यंत पुरेल तेथपर्यंतचे मंजूर, असे त्याचे स्वरूप असते. आधी प्रत्येकाने आपल्या कामाचा संच वर लावला. मॅडमनी मग सांगितले, की प्रत्येकाने आपला संच सोडून इतरांच्या संचांचा क्रम कागदावर लिहावा. त्या कागदांमधून जो क्रम निघाला, त्यावर फारसा वाद झाला नाही. पाणीपातळीच्या किमान दोन फेऱ्या आणि पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पाण्याच्या नमुन्यांची तपासणी वर राहिली. मार्चची फेरी जानेवारीच्या वर लागली. छापील वार्षिक अहवाल खाली गेला, कारण त्याच्या प्रती कपाटांतच राहत होत्या. बंद पडलेल्या झेरॉक्स यंत्राचा देखभाल करार आणि गोदाम यांचे संच आम्ही लिहिलेच नाहीत. गोदाम रिकामे करण्यासाठी निर्लेखन समितीचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वेगळा पाठवला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रस्ताव गेला आणि त्यानंतरची प्रतीक्षा लांबली. आधी शंका आल्या: भाड्याच्या वाहनाची रक्कम का वाढली, इंधनाची का घटली, दोन्ही एकाच ओळीत का दाखवले नाही. प्रत्येक शंकेला लॉगबुक व देयकांच्या प्रतींसह उत्तर दिले. येथे एक सूचना करते. शीर्षनिहाय वाढ-घट पाहणाऱ्या टेबलाला संचांची भाषा परिचित नसते, म्हणून उत्तरासोबत तो मोठा तक्ता पुन्हा जोडावा आणि ज्या रकान्याबद्दल शंका आहे त्यावर खूण करून द्यावी. नोव्हेंबरपर्यंत वरिष्ठ कार्यालयाने सर्व जिल्ह्यांचे संच एकत्र केले आणि प्रशासकीय विभागामार्फत ते वित्त विभागाकडे गेले. त्यानंतर आमच्या हातात काहीच नव्हते. डिसेंबरमध्ये नागपूरचे अधिवेशन आणि पुरवणी मागण्या, मग चालू वर्षाचे सुधारित अंदाज, असे करत मार्च आला. याच काळात तांत्रिक शाखेने ऑक्टोबर आणि जानेवारीच्या फेऱ्या पूर्ण केल्या. पुढील वर्षी जानेवारीची फेरी असेल की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी ते काम नेहमीच्याच काळजीने केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर झाला आणि एप्रिलमध्ये बीम्सवर निधी टप्प्याटप्प्याने दिसू लागला. चारही फेऱ्यांना पुरेल एवढी तरतूद मिळाली. स्वयंचलित पातळीमापकांचा वाढीव संच मंजूर झाला नाही. कार्यालयीन खर्च खऱ्या गरजेइतका मिळाल्याने विजेचे देयक प्रथमच मुदतीत भरले गेले. गोदामाचा करार संपुष्टात आणला आणि भंगाराचा लिलाव होऊन आलेली रक्कम चलनाने शासनखाती जमा केली.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. गोदामाचे वाचलेले ७८,००० रुपये किंवा लिलावाची रक्कम आमच्या कार्यालयाला वापरता येत नाही. खर्च न झालेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि जमा झालेली रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जाते. वित्तीय शिस्त म्हणून हे योग्यच आहे. पण ज्या कार्यालयाने स्वतःहून खर्च सोडला, त्याचा वाढीव संच विचारात घेताना त्या बचतीची दखल घेतली गेली, तर किमान पातळी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांना बळ मिळेल. तसे झाले नाही, तर दोन-तीन वर्षांत सगळे पुन्हा चालू पातळीलाच किमान म्हणू लागतील आणि नमुने भरण्याचे श्रम तेवढे शिल्लक राहतील. या पद्धतीबद्दल प्रतिसाद मागवणारे पत्र आले, त्याला उत्तर देताना मी हे लेखी कळवले आहे. त्यासोबतच, दर वर्षी सर्व घटक शून्यापासून न लिहिता काही घटक आळीपाळीने घ्यावेत, अशीही सूचना केली आहे, कारण इतके कागद दर वर्षी वाचायला वरही माणसे नाहीत.

यंदाच्या अंदाजांसाठी आम्ही तोच तक्ता पुढे चालवत आहोत. पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणीचा संच पुन्हा लिहायला घेतला आहे, कारण प्रयोगशाळेपर्यंत नमुने नेण्याचा खर्च गेल्या वर्षी आम्ही पाणीपातळीच्या फेरीतच धरला होता आणि तो वेगळा काढल्यास दोन्ही कामांची किंमत अधिक नेमकी कळेल. ज्यांच्याकडे पत्र नुकतेच आले आहे, त्यांनी सुरुवात भाडेकरार, देखभाल करार आणि वाहनांच्या लॉगबुकांपासून करावी. ती कागदपत्रे लेखा शाखेच्याच ताब्यात असतात, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही आणि तांत्रिक शाखेशी बोलायला बसण्याआधी आपल्या हातात काही ठोस असते.